अहवाल क्रमांक सतरा

वर्गातल्या बेचाळीस विद्यार्थ्यांपैकी एकोणचाळीस जणांनी अहवाल क्रमांक सतराला दहापैकी तीन किंवा त्याहून कमी गुण दिले. उरलेल्या तिघांनी नऊ दिले. अहवाल क्रमांक सतरा मी लिहिला होता.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. सव्वीस वर्षांच्या अध्यापनात दोन गोष्टींवर आपण कधीच विसंबलो नाही, असा माझा समज होता: एकमताने आलेला निष्कर्ष आणि स्वतःचे मत. त्यांपैकी दुसऱ्या गोष्टीबाबतचा समज चुकीचा निघाला. ते ओघाने येईलच.

या सत्रात मी परस्पर-मूल्यमापनाची पद्धत सुरू केली. विद्यार्थी प्रयोग करतात, अहवाल लिहितात, अहवालावर नावाऐवजी क्रमांक पडतो आणि मग ते एकमेकांचे अहवाल तपासतात. दुसऱ्याच्या चुका शोधता शोधता माणसाला स्वतःच्या दिसू लागतात, हे या पद्धतीमागचे गृहीतक आहे. ते मी अर्थातच विद्यार्थ्यांपुरते मांडले होते.

तपासणी कशी करावी यासाठी मी चौदा कलमांची नियमावली तयार केली. नियमावली मीच लिहिलेली असल्यामुळे ती पुन्हा वाचण्याची गरज मला कधी भासली नाही. तपासणीच्या अचूकतेसाठी शंभरापैकी वीस गुण राखून ठेवले. आता तपासणारे अचूक आहेत की नाहीत, हे कसे ठरवायचे? तराजू वापरण्याआधी त्यात माहितीतले वजन टाकून पाहतात. त्याच धर्तीवर मी एक आदर्श अहवाल लिहिला, चिठ्ठ्या टाकून त्याला सतरा हा क्रमांक दिला आणि त्याची एकेक प्रत प्रत्येकाच्या गठ्ठ्यात घातली. तीन अहवाल सोबत्यांचे, चौथा हा. त्याला द्यायचे योग्य गुण एका लिफाफ्यात बंद करून, लाखेची मोहोर लावून, तपासणीच्या आधीच विभागप्रमुख मॅडमच्या कपाटात ठेवले. पुढे मागे कुणी शंका घ्यायला नको. लिफाफ्यात नऊ होते. दहा लिहिले नाहीत, कारण विनय हाही वैज्ञानिकाला शोभणारा गुण आहे.

या नऊपासून ज्याचे गुण दोनपेक्षा जास्त अंतरावर पडतील त्याचे तपासणीचे वीस गुण शून्य होणार होते. निकालाचा तक्ता भरला तेव्हा एकोणचाळीस शून्ये झाली. मी तक्ता पुन्हा भरला. शून्ये तेवढीच राहिली.

पहिली शक्यता सूडाची. मी कडक परीक्षक आहे. वर्गात माझे टोपणनाव 'अर्धा गुण' असे आहे, हे मला ठाऊक नाही असा वर्गाचा समज आहे. पण लेखक मी आहे हे त्यांना कळणार कसे? अक्षरसुद्धा माझे नव्हते. अहवाल माझ्या पत्नीने उतरवून दिला होता. ती रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिचे अक्षर छापल्यासारखे येते. मागच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून तिने लंबकाचा तो प्रयोग अथपासून इतिपर्यंत लिहून काढला. मध्येच तिने पेन थांबवले होते.

"अहो, हे सगळं मोजलंत कधी?"

"मोजलं नाही. काढलं."

"काढलं म्हणजे?"

"उत्तर माहीत असलं की रीडिंग मागं मागं जाऊन काढता येतात. थोडा इकडं-तिकडं फरक टाकायचा, की खरी वाटतात."

"आमच्या वॉर्डात कुणी ताप असा काढला ना, तर मी तिला दारापर्यंत पोचवून येते."

"तुमच्या वॉर्डात लंबक नसतो."

"ते एक बरं आहे," ती म्हणाली आणि पुढची ओळ लिहू लागली.

हा संवाद मी येथे केवळ अक्षराच्या मुद्द्यासाठी नोंदवत आहे. निदान त्या आठवड्यात तरी मला त्याचे तेवढेच महत्त्व वाटत होते. सूडाची शक्यता मी आकड्यांनीही तपासली. सहामाहीत ज्यांना मी चांगले गुण दिले होते त्यांनीही मला तीनच दिले होते. कृतघ्नता हा निष्कर्ष मोहक होता, परंतु त्याला पुरावा नव्हता.

दुसरी शक्यता संगनमताची. पण तपासणी एकाच तासात, परीक्षेसारखे लांब लांब बसवून झाली होती. शिवाय शेरे एकमेकांशी जुळत नव्हते. एकाने लिहिले होते, 'लेखकाची प्रकृती त्या दिवशी बरी नसावी.' दुसऱ्याने, 'प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे.' तिसऱ्याने, 'घड्याळ एकदा हातात घेऊन पाहावे, आवडेल.' अशा एकोणचाळीस शेऱ्यांतून मला एकच गोष्ट निर्विवाद कळली: वर्गाला उपरोध उत्तम येतो.

तिसरी शक्यता अज्ञानाची, आणि तिच्यावर माझी खरी भिस्त होती. पण सोबत्यांचे अहवाल त्यांनी कसे तपासले ते पाहिले, तर त्यांचे गुण माझ्या गुणांशी सरासरी एकाच्या आत जुळत होते. फक्त तीन अहवालांत तफावत फार होती: मी आठ-आठ दिले होते, त्यांनी दोन किंवा तीन. ते तीन मी अपवाद म्हणून वगळले. संख्याशास्त्रात याला परवानगी आहे. थोडक्यात, वर्ग सर्वत्र शहाणा होता आणि फक्त माझ्यापाशी येऊन त्याचे डोके फिरत होते.

मला नऊ देणाऱ्या तिघांची नावे मी वेगळ्या कागदावर लिहून घेतली. पुढच्या वर्षी मूल्यमापनाचे प्रशिक्षण द्यायला हे तिघे योग्य आहेत, असा शेराही त्याखाली लिहिला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

बुधवारी मॅडमनी बोलावले.

"सर, तुमची तात्पुरती यादी बघितली. अर्धा वर्ग नापास होतोय."

"नियम आधीच जाहीर केला होता."

"केला होता. मीही तेव्हाच म्हटलं होतं, पोरांनी पोरांना तपासायचं म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय."

"तसं नाही, मॅडम. बाकीच्या अहवालांत त्यांचं बरोबर येतंय."

"मग तुमच्याच अहवालापाशी सगळ्यांना एकदम मोतीबिंदू झाला?"

"तेच शोधतोय."

"शोधा. शुक्रवारी पक्की यादी लावायची. एक तर पोरं जातील, नाही तर पद्धत जाईल. दोन्ही वाचवायचं असेल तर तिसरं काहीतरी आणा."

"तिसरं काय असणार?"

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "शास्त्रज्ञ तुम्ही. मी नुसती प्रमुख."

त्याच दुपारी ताई आल्या. ताई माझ्याच वर्गात शिकतात. वय तेहतीस, लग्नामुळे सुटलेले शिक्षण बारा वर्षांनी पुन्हा धरलेले, सकाळी औषधांच्या दुकानात काम आणि दुपारी वर्ग. सगळा वर्ग त्यांना ताई म्हणतो. गेल्या सत्रापासून मीही म्हणू लागलो, कारण त्यांना एकेरी हाक मारणे मला जमेना.

"सर, पाच मिनिटं आहेत का?"

"या, ताई. बसा."

त्या बसल्या नाहीत. "फळ्यावरची यादी बघितली. माझे तपासणीच्या वीसचे शून्य झालेत. कारणाच्या रकान्यात नुसतं 'सतरा' लिहिलंय."

"त्या अहवालाला तुम्ही तीन दिलेत."

"जास्त झाले का?"

मला प्रश्न नीट ऐकू आला होता; तरी मी तो पुन्हा विचारायला लावला.

"म्हणजे, मी दोनच देणार होते. पण आखणी इतकी देखणी होती की हात आखडता घेववेना. एवढं नीटनेटकं आमच्यात कुणी लिहीत नाही."

"ताई, त्या अहवालाला नऊ मिळायला हवे होते."

मुदत संपलेली गोळी हीच हवी म्हणून अडून बसलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. "नऊ. तुम्ही स्वतः वाचलात, सर?"

"वाचला." हे एका अर्थाने खरे होते.

"मग मी काही बोलत नाही."

"बोला ना."

"कलम बारा, सर. आरोप करायचा नाही, सूचना करायची, तीही सौम्य शब्दांत. कागदावरही आणि तोंडानंही. तुम्हीच वर्गात दोनदा वाचून दाखवलं होतं. मी सूचना लिहिलीय."

"घड्याळ हातात घ्यावे, आवडेल. हा तुमचा शेरा?"

"हो. आवडतंच सगळ्यांना. वजनदार आहे छान."

त्या दाराकडे गेल्या आणि थांबल्या. औषध-तपासणीच्या एका प्रयोगशाळेने त्यांच्यासाठी सहायकाची जागा धरून ठेवली होती, ही गोष्ट विभागात सर्वांना माहीत होती. अट एकच: याच सत्रात उत्तीर्ण झाल्याचा दाखला. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागतात. ताईंचे चौपन्न होते. माझ्या तक्त्याने त्यांचे चौतीस केले होते.

"महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत ते लोक," ताई म्हणाल्या. "मग दुसरं माणूस घेतील. त्यांचं काही चुकत नाही. तुमचंही नाही, नियम तो नियम. पण सर, मी बरोबर तपासलंय."

रडारड, विनंती, रागराग यांची मला सवय आहे. त्यांच्यासाठी माझी उत्तरे ठरलेली आहेत. 'मी बरोबर तपासलंय' याला ठरलेले उत्तर नव्हते. हे विधान तपासून पाहण्याजोगे होते, आणि तपासून पाहण्याजोगे विधान न तपासता सोडून देणे मला लाजिरवाणे वाटते. निदान ते दुसऱ्याने केलेले असेल तेव्हा.

गुरुवारी सकाळी मी तळमजल्यावर गेलो. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. प्रयोगशाळेच्या दारात मी चुकून 'ढकला' लिहिलेले दार ओढले.

प्रयोगशाळा सहायक टेबलाच्या कडेला बसून धाग्याची गुंडाळी सोडवत होते. त्यांना सगळे काका म्हणतात. ते लगबगीने उठले.

"सर? तुम्ही इकडं? आमचं काही चुकलं का?"

"नाही. स्टॉपवॉच हवं होतं."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

काकांनी कपाट उघडले आणि पत्र्याच्या डब्यातून, कापडात गुंडाळलेले एक स्टॉपवॉच काढले. मग रजिस्टर पुढे सरकवले. "सही करा. वेळ पण टाका."

"मी सही करायची?"

"घड्याळ नेणारा सही करतो, सर. मॅडम पण करतात."

मी सही केली. काकांनी ती निरखली. "या रजिस्टरात तुमची पहिलीच. याच्या आधीचं वर माळ्यावर आहे, त्यात अकरा वर्षांपूर्वीची एक असेल."

मी धागा बरोबर शंभर सेंटिमीटर केला, गोळा किंचित बाजूला ओढून सोडला, घड्याळ सुरू केले आणि वीस आंदोलनांपर्यंत मोजून थांबवले. ३८.२ सेकंद. उत्तर चाळीसच्या पुढे यायला हवे होते. मी घड्याळाकडे संशयाने पाहिले.

"शून्यापासून मोजा, सर," काका म्हणाले. त्यांनी आता स्टूल ओढून घेतले होते. "सोडल्या सोडल्या 'एक' म्हणालात, म्हणून एकोणीसच झाली. पोरांचंही पहिल्या दिवशी असंच होतं."

पुन्हा मोजले: ४०.२. पुन्हा: ४०.०. पुन्हा ४०.२, मग ४०.४. सतरा क्रमांकाच्या अहवालात या लांबीसाठी ४०.१ लिहिले होते. एकदा तरी ४०.१ यावे म्हणून मी बारा वेळा प्रयत्न केला. तेराव्या वेळी, नोंद नक्की काय आली हे वाचायला घड्याळ खिडकीशी धरले, तेव्हा मला दिसले की सेकंदांच्या दोन खुणांमध्ये चारच बारीक रेघा आहेत.

"काका, याचा काटा रेघांच्या मध्ये थांबत नाही?"

"कसा थांबेल? चावीचं घड्याळ. सेकंदाला पाच उड्या मारतं. एका रेघेवरनं उठलं की पुढच्या रेघेवर."

"सगळी अशीच आहेत?"

"सगळी. नऊ वर्षं झाली. आधीची बॅटरीची होती, शंभरावा भाग दाखवायची. बॅटऱ्यांच्या अर्जांवर सह्या करून करून तुम्ही वैतागलात, म्हणून ही मागवली. मागणीपत्रावर तुमचीच सही आहे." त्यांनी डब्याचे झाकण लावले. "ते वाचून केली होती का, हे मला माहीत नाही."

मी खिशातून अहवाल काढला. सेकंदाचे पाच भाग म्हणजे प्रत्येकी दोन दशांश. या घड्याळावर नोंदीचा शेवटचा अंक शून्य, दोन, चार, सहा किंवा आठ असू शकतो. माझ्या अठरा नोंदींपैकी दहा विषम अंकावर संपत होत्या. ४०.१. ३८.१. ३५.९. ३१.१. पत्नीच्या सुरेख अक्षरात, पट्टीने आखलेल्या चौकटींत, या प्रयोगशाळेत कुणालाही कधीही घेता येणार नाहीत अशा दहा नोंदी.

मग मी माझी नियमावली वाचली. कलम अकरा: 'नोंदी प्रत्यक्ष घेतलेल्या नाहीत अशी सबळ शंका आल्यास, अन्य बाबी कितीही चांगल्या असल्या तरी, तीनपेक्षा अधिक गुण देऊ नयेत.' कलम बारा ताईंनी म्हणून दाखवलेच होते. म्हणजे उपरोध कुठेच नव्हता. एकोणचाळीस माणसांनी माझे कलम अकरा वापरून गुण दिले होते आणि माझे कलम बारा पाळून, मला दुखवू नये म्हणून, सांगायचे ते आडून सांगितले होते. प्रयोगशाळा खरोखरच तळमजल्यावर होती.

राहिले तिघे. मी रजिस्टर मागे उलटून प्रयोगाच्या दिवसाचे पान काढले. सह्या मोजल्या: एकोणचाळीस. नसलेल्या तीन नावांशी माझा तो वेगळा कागद ताडून पाहिला. मला नऊ देणारे तिघे त्या दिवशी घड्याळ घ्यायला आलेच नव्हते. वगळलेले तीन 'अपवाद' काढून पाहिले. ते याच तिघांचे अहवाल होते, आणि त्यांतल्या नोंदीही ठिकठिकाणी विषम अंकावर संपत होत्या. त्यांना मी आठ-आठ दिले होते. त्यांनी मला नऊ दिले. आम्हा चौघांचे एकमेकांबद्दल मत फार चांगले होते.

"झालं का, सर?" काकांनी हात पुढे केला. "परत केल्याची पण सही लागते."

शुक्रवारी सकाळी मी मॅडमना सगळे सांगितले. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे मुद्दाम सापळा लावला होता म्हणायचं. खोटी रीडिंग पोरांना ओळखता येतात का ते बघायला. तसं लिहा, पोरं वाचली, पद्धत वाचली."

"लिफाफ्यात नऊ आहे."

"लिफाफा माझ्या कपाटात आहे. आणि किल्ली माझ्याकडे."

मी या प्रस्तावाचा विचार केला, हे नोंदवणे भाग आहे. चार सेकंद केला असेल. घड्याळ लावले नव्हते. सापळ्याची गोष्ट सरस होती. विद्यार्थ्यांचे तिने काही बिघडत नव्हते आणि माझे तर सोनेच होत होते. पण ते पुन्हा तेच झाले असते: हवे असलेले उत्तर आधी धरायचे आणि नोंदी मागे मागे जाऊन काढायच्या. शिवाय घरी एक साक्षीदार होती, आणि ती अशांना दारापर्यंत पोचवून येते.

"लिफाफा उघडा, मॅडम," मी म्हणालो. "यादीसोबत लावू."

दुपारी पक्की यादी लागली. एकोणचाळीस जणांना तपासणीचे वीसपैकी वीस मिळाले. तिघांना शून्य, आणि सोमवारी प्रयोग पुन्हा करण्याची सूचना. त्या यादीत चौथे नाव माझे होते. सतरा क्रमांकाच्या अहवालाचे गुण नवावरून तीनवर आणले.

ताईंनी आपल्या नावासमोरचे चौपन्न बोटाने दोनदा तपासले आणि वहीत लिहून घेतले. मग यादीखालचे माझे टिपण वाचले. मी जिन्यापाशी उभा होतो.

"सर, तो मुद्दाम होता ना? आम्ही पकडतो का बघायला?"

"नाही, ताई."

त्यांनी टिपण पुन्हा वाचले. "मग माझ्या शेऱ्यानं तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"कलम बारानुसार निर्दोष होता."

"पण आवडलं की नाही?"

"काय?"

"घड्याळ."

"वजनदार आहे," मी म्हणालो.

दाखल्यासाठी कार्यालय चारला बंद होणार होते, म्हणून त्या घाईने खाली गेल्या. टिपणातला कारणाचा परिच्छेद असा होता:

'अहवाल क्रमांक सतरामधील नोंदी घेतलेल्या नाहीत. लेखकाने त्या ज्ञात उत्तरावरून घरी बसून काढल्या. प्रयोगशाळेतले स्टॉपवॉच सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षा लहान अंतर दाखवत नाही. त्यामुळे अठरापैकी दहा नोंदी त्यावर येणे अशक्य आहे. ज्यांनी प्रयोग केला होता त्या एकोणचाळीस जणांना हे दिसले. ज्यांनी केला नव्हता त्या तिघांना दिसले नाही. लेखकाला दिसले नाही, कारण त्यानेही प्रयोग केला नव्हता.'